व्हर्जिनियाचं पाणी-रिपोर्टिंग वापरून बघितलं: नदीचा हिशोब मिळतो, डेटा सेंटरचा मिळत नाही

आधी रेटिंग सांगून टाकते. ५ पैकी ३. का दिलं ते आता सविस्तर लिहिते, कारण आपल्यातले बरेच जण अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, लाउडन काउंटीतल्या अॅशबर्न, स्टर्लिंग, ब्रॅम्बलटन भागात घर घेतायत आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी विचारतंच की ही एवढी डेटा सेंटरं (कंपन्यांचे कॉम्प्युटर ठेवायच्या मोठ्या बिल्डिंगा, त्यांच्या कूलिंगला पाणी लागतं) उभी राहतायत तर ती पाणी किती ओढतात, आणि मग प्रत्येकजण व्हॉट्सअॅपवर आलेला वेगळाच आकडा सांगतो.

सरकारी नियमाचा कसला रिव्ह्यू, असं काही जणांना वाटेल. पण माझ्या मते ही सर्व्हिसच आहे. आपल्या टॅक्सवर चालते, आणि राज्यात कोण किती पाणी उपसतं ते लिहून ठेवून लोकांपुढे मांडायचं हे तिचं काम आहे. मग ते काम ती किती नीट करते हे गिऱ्हाईक म्हणून आपण बघायला नको का?

थोडी पार्श्वभूमी. नॉर्दर्न व्हर्जिनिया हे जगातलं सगळ्यात मोठं डेटा सेंटर मार्केट आहे. राज्याच्या विधिमंडळाची स्वतःची अभ्यास-संस्था आहे, जेएलएआरसी, तिच्या डिसेंबर २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे जगात चालू असलेल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी साधारण १३ टक्के इथे आहे. आणि त्यातलं बरंचसं एकट्या लाउडन काउंटीत. डब्ल्यूअँडओडी ट्रेलवर अॅशबर्नच्या बाजूला चालायला गेलात तर खिडक्या नसलेल्या करड्या भिंती दोन्ही बाजूंना दिसतात, मधे मधे सबस्टेशन, आणि उन्हाळ्यात वरच्या पंख्यांचा एकसुरी आवाज.

आता सिस्टम कशी चालते ते. व्हर्जिनियात पर्यावरण खातं म्हणजे डीईक्यू, त्यांच्याकडे हे काम आहे. नियम सरळ आहे, कुठल्याही एका महिन्यात तुमच्या उपशाची रोजची सरासरी १०,००० गॅलनच्या वर गेली की तुम्ही वर्षाचा रिपोर्ट द्यायचा, मग पाणी नदीतून घ्या, तळ्यातून घ्या नाहीतर बोअरवेलमधून. १०,००० गॅलन म्हणजे जवळजवळ ३८,००० लिटर, आपल्याकडचे दहा हजारी टँकर धरले तर रोज चारेक टँकर. शेतीच्या सिंचनाला मर्यादा वेगळी आहे, महिन्याला १० लाख गॅलन. रिपोर्ट ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा, त्यात पाणी कुठून घेतलं, कशासाठी घेतलं, महिन्याचं किती, एका दिवसात सगळ्यात जास्त किती गेलं आणि मोजलं कसं, एवढं सगळं येतं. आणि मग ऑक्टोबरात डीईक्यू गव्हर्नर आणि विधिमंडळाला राज्याच्या पाण्याचा वार्षिक अहवाल देतं, तो कोणालाही वाचता येतो.

हा भाग मला मनापासून आवडला. उंबरठा चांगला खाली ठेवलाय, त्यामुळे नुसत्या मोठ्या कंपन्या नाही तर गोल्फ कोर्स, दगडाच्या खाणी, नर्सऱ्या, गावांचे पाणीपुरवठे, सगळे त्यात येतात. महिन्यावार आकडे मागतात ही तर फारच चांगली गोष्ट, कारण पाण्याच्या बाबतीत वर्षाची सरासरी म्हणजे निव्वळ फसवणूक असते, जानेवारीतला गॅलन आणि ऑगस्टमधला गॅलन नदीला सारखा नसतो. पूर्वेकडे किनाऱ्याच्या भागात, जिथे भूजल खरंच खाली गेलंय, तिथे तर याहून कडक, महिन्याला ३ लाख गॅलनच्या वर उपसायचं असेल तर नुसता रिपोर्ट चालत नाही, परमिटच लागतं, १९९२ च्या कायद्यापासून. अहवालही वाचण्यासारखा असतो, तक्ते नीट, नकाशे नीट, जुन्या वर्षांशी तुलना. सरकारी कागदाला एवढं म्हणायला मिळतं हे कमी नाही.

मग अडचण कुठे आहे? तर तुम्ही तो तक्ता उघडता आणि त्यात डेटा सेंटर शोधायला लागता.

मी बघितलेल्या अहवालांत वर्ग असे आहेत: सार्वजनिक पाणीपुरवठा, कारखाने, खाणकाम, शेती, सिंचन, कमर्शियल, आणि वीजनिर्मिती वेगळी. डेटा सेंटर असा वर्ग नाही. आणि नुसता वर्ग नाही एवढंच असतं तर एक ओळ वाढवून काम झालं असतं. मूळ गोष्ट अशी आहे की हा नियम पाणी मोजतो ते जिथे निसर्गातून बाहेर पडतं तिथे. नदीवरचा पंप, बोअरचं तोंड. लाउडनमधली डेटा सेंटरं नदीवर पंप लावून बसलेली नाहीत, ती तुमच्याआमच्यासारखीच लाउडन वॉटरची, म्हणजे इथल्या पाणीपुरवठा संस्थेची, गिऱ्हाईकं आहेत, फक्त पाइप जाड. लाउडन वॉटर पोटोमॅक नदीतून पाणी घेतं (त्यांचा ट्रॅप रॉकचा प्लांट २०१८ पासून चालू आहे), शिवाय शेजारच्या फेअरफॅक्स वॉटर या संस्थेकडून विकत घेतं, ते सगळं "सार्वजनिक पाणीपुरवठा" या एका ओळीत जातं, आणि त्या ओळीत तुमच्या घरातला भांड्यांचा नळ, शाळेतलं पिण्याचं पाणी आणि शेजारच्या करड्या बिल्डिंगच्या छतावरून वाफ होऊन गेलेलं पाणी, सगळं एकत्र कालवलेलं असतं. राज्याच्या नियमाप्रमाणे कोणीही काही लपवलेलं नाही. तरी ज्या प्रश्नासाठी तुम्ही तक्ता उघडला त्याचं उत्तर त्यात नाही.

म्हणजे गंमत बघा, शेतात स्वतःच्या तळ्यातून पाणी देणारा शेतकरी राज्याच्या यादीत सापडतो आणि त्याच्या कित्येक पट पाणी पाइपमधून घेणारी बिल्डिंग सापडत नाही. हा नियम लिहिणाऱ्यांचा दोष मी म्हणणार नाही, तेव्हा मोठं गिऱ्हाईक म्हणजे कारखाना आणि कारखाना म्हणजे स्वतःचा उपसा, असंच जग होतं. पण आता तसं राहिलेलं नाही ना.

आमच्या मंडळातले एक दादा एका डेटा सेंटरच्या कूलिंगवर काम करतात, त्यांना मी हे सगळं दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, आधी हे बघा की सगळी डेटा सेंटरं एकसारखी पाणी पीत नाहीत." मग त्यांनी जे समजावलं ते इथे लिहिते कारण त्याशिवाय रिपोर्टिंगमध्ये नक्की काय मागायचं ते कळत नाही. काही ठिकाणी बंद लूप असतो, पाणी एकदा भरलं की तेच फिरत राहतं आणि उष्णता हवेत टाकतात, तिथे पाण्याचं बिल फारसं येत नाही पण वीज जास्त जाते. दुसरीकडे कूलिंग टॉवर, तिथे पाण्याची वाफ करूनच थंडावा मिळवतात. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे उरतात, ते साठत जातात म्हणून थोडं थोडं पाणी गटारात सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात, आणि वाफ झाली अधिक सोडलं तेवढं ताजं पाणी भरायचं, ते मेकअप. मेकअप वजा ब्लोडाउन म्हणजे जे पाणी कायमचं गेलं, परत नदीत येणार नाही ते. आणि हे सगळं कधी जास्त? तर जेव्हा बाहेर गरम असतं तेव्हाच. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा पोटोमॅक बारीक होत जाते.

मी विचारलं, मग हे मोजणं अवघड आहे का? तर म्हणाले, "अहो, दोन्हीवर मीटर आहेत की. दर महिन्याला वरती पाठवतोच आम्ही." म्हणजे आकडा आहे. रोज लिहिला जातो. फक्त तो बिल्डिंगच्या बाहेर लोकांपर्यंत येईल असा रस्ता कोणी बांधलेला नाही.

डेटा सेंटरांच्या बाजूनेही जे खरं आहे ते सांगायला हवं. जेएलएआरसीच्या त्याच रिपोर्टात म्हटलंय की बहुतेक डेटा सेंटरं एखाद्या मोठ्या ऑफिस बिल्डिंगएवढंच किंवा त्याहून कमी पाणी वापरतात, थोडी मात्र बरीच जास्त वापरतात. हे मला पटतं, दादांनी सांगितलं त्याच्याशी जुळतंही. पण म्हणूनच तर बिल्डिंगनिहाय आकडा हवा! "बहुतेक कमी, थोडी खूप जास्त" असं असताना एकूण बेरीज दाखवून काहीच कळत नाही, ती थोडी कुठली हेच कळायला हवं. ज्या कंपनीने जास्त खर्च करून पाणी वाचवणारं कूलिंग बसवलं तिलाही या धुक्याचा तोटाच होतो, लोक सगळ्यांना एकाच काठीने हाणतात.

बरं, बेरीजसुद्धा राज्याच्या अहवालातून आली नाही. फायनान्शियल टाइम्सने २०२४ मध्ये नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या पाणीपुरवठा संस्थांकडून माहितीच्या अधिकारात आकडे मागवले, तेव्हा कळलं की २०२३ मध्ये इथल्या डेटा सेंटरांनी निदान १८५ कोटी गॅलन पाणी वापरलं, २०१९ मध्ये तेच ११३ कोटी होतं. लिटरमध्ये सांगायचं तर ४२८ कोटींवरून ७०० कोटी. चार वर्षांत एवढी वाढ, आणि ती सांगायला लंडनच्या पेपरला अर्ज करावे लागले. मला याचं खरंच वाईट वाटतं. एवढी चांगली रिपोर्टिंग सिस्टम असलेल्या राज्यात हे काम पेपरवाल्यांवर का पडावं?

माहितीच्या अधिकाराचं इथलं कलम तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, हा भाग मी फार लक्ष देऊन वाचला. सरकारी पाणीपुरवठा संस्थेला गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता न देण्याची मुभा आहे. पण त्याच वाक्यात पुढे स्पष्ट लिहिलंय की किती सेवा दिली आणि किती पैसे घेतले ते या मुभेत येत नाही. म्हणजे गॅलन तुम्हाला मिळू शकतात, पण ते कोणाचे हे झाकून. तुमच्या माझ्या घरासाठी हे बरोबरच आहे, माझ्या घरी किती पाणी जातं ते गल्लीला कशाला कळायला हवं. पण लाखो गॅलनच्या गिऱ्हाइकाला आणि तीन बेडरूमच्या टाउनहाउसला एकच पडदा, हे काही पटत नाही. उत्तर द्यायला पाच कामाचे दिवस असतात, गरज पडली तर त्यांना आणखी सात घेता येतात. आणि हो, हा हक्क व्हर्जिनियाच्या नागरिकांना आणि इथे खप किंवा प्रसारण असलेल्या पेपर-चॅनलवाल्यांनाच आहे, न्यू जर्सीतल्या तुमच्या भावाने अर्ज केला तर नकार देता येतो, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेसुद्धा ते चालतं म्हणून सांगितलंय.

दुसऱ्या राज्यांत काय आहे? ओरेगनमध्ये द डॅल्स नावाचं छोटं गाव आहे, तिथे गूगलची डेटा सेंटरं. तिथल्या पेपरने पाण्याचा आकडा मागितला तर गावानेच पेपरविरुद्ध कोर्टात धाव घेतली, धंद्याचं गुपित म्हणून. वर्षभराहून जास्त चाललं आणि २०२२ च्या शेवटी मिटलं, आकडा बाहेर आला: २०२१ मध्ये ३५.५ कोटी गॅलन, गावाच्या एकूण पाण्याच्या पावभागाहून जास्त. त्यानंतर गूगल स्वतःच आपल्या वार्षिक पर्यावरण अहवालात ठिकाणानुसार पाणी छापायला लागलं. मग गुपित ते काय होतं? एकाने छापलं आणि त्याचा धंदा बसला असं काही दिसलं नाही.

मिनेसोटाचं मला आवडतं. तिथे रोज १०,००० गॅलन किंवा वर्षाला १० लाख गॅलनच्या वर उपसायचं तर परमिट लागतं, दर वर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत वापर कळवायचा, आणि १९८८ पासूनचे आकडे परमिटनिहाय लोकांना बघायला मिळतात, एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. गावाच्या नळावरचं गिऱ्हाईक तिथेही त्या परमिटच्या यादीत येत नाही, पण निदान यादी वापरायला सोपी आहे. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये बिल आलं होतं, की डेटा सेंटरने बिझनेस लायसन्स घेताना अंदाजे पाणी आणि नंतर रिन्यू करताना प्रत्यक्ष वापरलेलं पाणी सांगायचं. विधिमंडळात पास झालं, गव्हर्नर न्यूसमनी व्हेटो केला. आमच्याकडे त्याच वर्षी एक बिल पास झालं, नवीन डेटा सेंटरला परवानगी देण्याआधी आवाजाचा अभ्यास सक्तीचा आणि पाण्याचा अभ्यास काउंटीला वाटलं तर मागता येईल, त्यालाही गव्हर्नर यंगकिननी व्हेटो केला. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. म्हणजे कुठला पक्ष याचं भलं करेल या वादात पडण्यात अर्थ नाही.

आता जांभळ्या पाइपांबद्दल, कारण हे लाउडनचं खरं कौतुक आहे आणि त्यात एक मेखसुद्धा आहे. अॅशबर्नमध्ये फूटपाथच्या कडेला काही व्हॉल्व्हची झाकणं जांभळी दिसतात, "पिऊ नका" लिहिलेलं असतं. ते प्रक्रिया केलेलं सांडपाणी आहे. ब्रॉड रन प्लांट २००८ मध्ये सुरू झाला, तिथे सांडपाणी फार चांगल्या दर्जापर्यंत साफ करतात आणि त्यातलं काही या पाइपांमधून डेटा सेंटरांना कूलिंगसाठी देतात. पिण्याचं पाणी वाचतं, अतिशय चांगली योजना, आपल्याकडे प्रत्येक मोठ्या शहरात अशी असायला हवी. पण हे पाणी कूलिंग टॉवरला दिलं नसतं तर ते ब्रॉड रन ओढ्यातून पोटोमॅकमध्ये गेलं असतं, आणि त्याच्या खालच्या बाजूला फेअरफॅक्स, मेरिलंड आणि वॉशिंग्टन शहर पाणी उचलतात. टॉवरवर त्याची वाफ झाली की खालच्यांच्या वाट्यातून तेवढं गेलं. म्हणून "आम्ही रिसायकल केलेलं पाणी वापरतो" असं कंपनी म्हणाली की चांगलं म्हणायचं, पण तोही आकडा वेगळ्या रकान्यात मागायचाच. जुलै २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या सगळ्या भागाला ड्रॉट वॉच, म्हणजे दुष्काळाचा इशारा, लागला होता आठवतंय? लोकांना सांगितलं, पाणी जपून वापरा. लोकांनी वापरलंही. तेव्हा त्या आठवड्यांत कूलिंग टॉवरांचा मेकअप किती होता हे कोणाला तरी विचारता यायला हवं होतं, भांडायला नाही, नदीचं नियोजन करायला.

मला काय हवं होतं ते सांगते म्हणजे ३ का आणि ५ का नाही ते कळेल. पाणीपुरवठा संस्थेने तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांची, समजा त्याच १०,००० गॅलनच्या वरची, यादी तिच्या रिपोर्टासोबत जोडायची. नावासकट. पिण्याचं पाणी किती, जांभळ्या पाइपचं किती, गटारात परत किती गेलं, महिन्यावार, आणि सगळ्यात जास्त एका दिवसाचं. बस. नवीन मीटर नको, नवीन खातं नको, फॉर्म आधीच आहे, तारीख आधीच आहे, फक्त मोजायची जागा नदीवरून बिल्डिंगच्या मीटरपर्यंत न्यायची. उंबरठ्याला १ स्टार, महिन्यावार आकड्यांना १, उघड अहवालाला १. दोन स्टार ज्या प्रश्नासाठी लोक येतात त्याचं उत्तर नसल्याबद्दल राखून ठेवले.

नवी मुंबईतल्या मित्रमंडळींनी हे दूरचं समजू नका. ऐरोली, महापे भागात डेटा सेंटरं भराभर होतायत, आणि तिथेही औद्योगिक पाणी म्हणजे मुख्यतः एमआयडीसीचा पाइप, बारवी धरणाचं पाणी. धरणातून किती उचललं हा एक प्रश्न आणि कुठल्या गेटच्या आत किती गेलं हा दुसरा. तिथल्या लोकांनी दुसरा प्रश्न आत्ताच, बिल्डिंगा उभ्या राहात असतानाच विचारावा असं मला फार वाटतं.

लाउडनमध्ये राहणाऱ्यांसाठी कामाचं: ऑक्टोबरात नवा अहवाल आला की आधी सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा तक्ता उघडा, लाउडन वॉटरची ओळ मागच्या वर्षांशी ताडून बघा. लाउडन वॉटरच्या बोर्डाच्या मीटिंग लोकांसाठी खुल्या असतात. काउंटीत नवीन डेटा सेंटरची जाहीर सुनावणी असेल तर नाव नोंदवून दोनच प्रश्न विचारा, कूलिंग कुठल्या प्रकारचं आणि ऑगस्टमधल्या सगळ्यात गरम दिवशी पाणी किती. लेखी उत्तर मागा, म्हणजे ते रेकॉर्डवर येतं.